खोकल्यासकट निरोप

आमच्या राजेश्वर गावच्या वीरभद्रअण्णांकडे निरोप दिला, की तो खोकल्यासकट पोचतो.

माझे वडील, म्हणजे अप्पा, आणि रस्त्यापलीकडे राहणारे काका हे सख्खे भाऊ. सामाईक बोअरच्या पाळीवरून त्यांचं बोलणं बंद झालं, त्याला तीन वर्षं झाली होती. शेजारीच अण्णांचं डिश अँटेना दुरुस्तीचं दुकान. तेव्हा सगळा व्यवहार त्यांच्यामार्फत.

"सांगा त्या गाढवाला, मोटार बंद कर म्हणावं," असं म्हणून अप्पा खोकायचे. अण्णा रस्ता ओलांडून काकांपुढे ताठ उभे राहत. "सांगा त्या गाढवाला, मोटार बंद कर म्हणावं." आणि मोजून तितकंच खोकत.

"अहो, गाढव तेवढं गाळायचं की!" मी एकदा वैतागून म्हणालो.

"कामून गाळू, सर? मी रिलेचं काम करायलोय. पदरचं घालायचं न्हाई, आलेलं गाळायचं न्हाई."

हे रिले प्रकरण अण्णांनी मोबाइलवरच्या व्हिडिओंतून उचललं होतं. डिश लावून घ्यायची तर आधी व्याख्यान ऐकावं लागे. "यान पृथ्वीला चकरा मारायलंय. आपल्या डोक्यावरनं धा मिन्टांत पसार! मग आतल्या माणसानं बोलावं कुणासंगं? म्हणून वर, छत्तीस हजार किलोमीटरवर, रिले उपग्रह बसवलाय. त्येला यान बी दिसतंय, जमीन बी दिसतीय. ह्याचं त्येला, त्येचं ह्याला." तोवर घरातल्यांची मालिका संपलेली असायची.

"आणि रिलेला कोण निरोप धाडतं?" मी थट्टेने विचारलं.

"मधल्याच्या नावानं निरोप येत न्हाई, सर," म्हणत अण्णा पाना शोधू लागले. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं. निरोपामागे दोन्हीकडे एकेक कप चहा मिळे, तेवढंच त्यांना घर.

मग काकांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. तिला अप्पांनी खांद्यावर खेळवलेलं. बोलावल्याशिवाय जायचं नाही हा अप्पांचा हट्ट, आणि यायचं असेल तर येईल हा काकांचा. त्या सकाळी अप्पा नवं धोतर नेसून ओसरीवर बसून होते. कुठे जायचंय ते मात्र सांगत नव्हते. अण्णा आले, ताठ उभे राहिले. "दादा, तू आल्याबिगर पोरगी पाटावर बसंना."

अप्पा चपलासुद्धा न घालता निघाले.

पंगतीत बिंग फुटलं. काकांनी असा निरोप दिलाच नव्हता. उलट त्यांनाही अप्पांच्या नावाने निरोप पोचला होता, "पोरीवर पहिली अक्षता माझी." दोघे भाऊ एकदम अण्णांकडे वळले. "पदरचं घातलात व्हय?"

मठ्ठा वाढता वाढता अण्णा थांबले. "पदरचं न्हाई. सिग्नल आलता, दोघांकडनं बी आलता. पण लई अशक्त. लांबनं आलेलं अशक्तच असतंय. रिलेनं जोर लावून पुढं सोडायचं असतंय."

अप्पांनी मान खाली घातली आणि काकांच्या पानात जिलबी वाढायला सांगितली.

त्या दिवसापासून भाऊ रस्त्यावरून थेट ओरडून बोलू लागले. आम्ही सगळे खूश. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं, अण्णा दुकानात बसून दोन्ही दारांकडे नुसते बघतात आणि चहा टपरीवरून मागवतात. मला फार वाईट वाटलं. अप्पांच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी काका आमच्या ओसरीवर, अप्पांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. अप्पांनी अण्णांना हाक मारली. "सांगा त्या गाढवाला, चहा झालाय म्हणावं."

अण्णांनी हातभर अंतरावरच्या काकांना ते शब्दन् शब्द सांगितलं. खोकले.

काका म्हणाले, "त्येला सांगा, अण्णा बसल्याबिगर मी कप उचलत न्हाई."

"अण्णा बसल्याबिगर..." अण्णांनी सवयीने सुरुवात केली आणि ते अडले. हा निरोप तर त्यांच्याच नावाचा, पुढे कुणाला द्यायचा, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच खाली बसले, आणि खोकले. हा खोकला मात्र त्यांना कुणी दिलेला नव्हता.