पुठ्ठ्याच्या म्हाताऱ्यांचं औषध

चर्चातल्या सायबाची शपथ, देवळातल्या रवळनाथाची शपथ, आणि त्या दोघांचंही लक्ष नसेल तर माझ्या तोंडात उरल्यात तेवढ्या दातांची शपथ! पुढे सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पदरचं एक अक्षर नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल आमच्या वाडीत येऊन विचारावं. फक्त विचारताना कार्मेलिनाच्या हाताच्या टप्प्यात उभं राहू नये.

नाताळच्या सुट्टीत कार्मेलिनाचा मुलगा एल्रॉय पुण्याहून आला तो एक भलामोठा खोका घेऊन. कार्मेलिनाला वाटलं, मिक्सर. जुना मिक्सर हल्ली नारळ दिसला की आधीच रडायला लागायचा. मोठ्या आशेने तिने खोका उघडला, तर आतून निघाली पुठ्ठ्याची माणसं, पत्ते आणि फासे.

"मम्मी, खेळ आसा हो. लढायेचो."

"लढायेचो? मगे बंदुको खंय?"

"बंदुको नाय. आमी सैनिक नाय, साधी माणसां. शहराक वेढो पडलो आसा आणि आमी एका मोडक्या घरात अडाकलंव. दिवसा घर सांबाळूचा, रात्री एकान भायर जावन खावक-पिवक शोधून हाडूचा. लढाय संपासर जगूचा, बस."

"ह्येका खेळ म्हणतत? चक्रीवादळात लायट गेली तेवा आमी ह्याच करी होतंव. आणि तू पैसे देवन हाडलंस?"

तेवढ्यात शेजारची सुभद्रा घावण्यांचं ताट घेऊन आली. घावणे कसे, तर पातळ, जाळीदार. ताटावरची नक्षी त्यातून दिसावी असे. ही सुभद्रा म्हणजे वाडीची आशा सेविका. कोणाचे दिवस भरत आले, कोणाची बीपीची गोळी संपली, कोण गोळी गालात धरून मागल्या दारी थुंकतो, सगळं तिला पाठ. वाडीतलं एक दार तिला बंद नव्हतं. आणि कार्मेलिनाची तर ती जिवाची मैत्रीण. दोघींच्या अंगणांमध्ये, म्हणजे खळ्यांमध्ये, चिऱ्याचा बुटका गडगा होता, पण तो फक्त ताटं टेकवायला. चतुर्थीचे मोदक तिकडून इकडे यायचे, नाताळच्या करंज्या, म्हणजे आमच्या नेवऱ्या, इकडून तिकडे जायच्या.

तिघं व्हरांड्यात खेळायला बसली. शेजारीच नाताळचा गोठा मांडलेला: गवत, बाळ येशू, मेंढरं, सगळं जिथल्या तिथे. एल्रॉयला पुठ्ठ्याचा सुतार मिळाला, सुभद्रेला दाढीवाला आचारी आणि कार्मेलिनाला एक हडकुळी मास्तरीण.

"ह्या खेळात एकटो कोण जिंकणा नाय," एल्रॉयने समजावलं. "जगलंव तर सगळे, हरलंव तरी सगळे."

"म्हणजे इलेक्शनच्या उलट," सुभद्रा म्हणाली.

खेळ छान रंगला. सुभद्रेच्या आचाऱ्याने उंदीर शिजवायला घेतला तेव्हा कार्मेलिनाने त्यात बांगड्याच्या कढीसारखी त्रिफळं घालायला सांगितली. मग मास्तरणीला ताप भरला. औषध नाही, आणि बाहेर जायची पाळी सुभद्रेची. एल्रॉयने पत्ता उचलून वाचला: "पलीकडच्या घरात एक म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांच्याकडे औषध आहे. घ्यायचं की रिकाम्या हाताने परतायचं?"

"घेतलंय," सुभद्रा म्हणाली आणि घावण्याचा तुकडा मोडला.

कार्मेलिनाचं तोंड चावता चावता थांबलं. "काय घेतलंस?"

"औषध."

"इचारलंस त्यांका?"

"मम्मी, इचारूचा कार्ड नाय," एल्रॉय म्हणाला.

"इचारूक कार्ड कित्याक होया? खळ्यात उभा ऱ्हवन हाक मारूची, 'घरात आसा काय गो कोण?' इतक्याच!"

"तसो नियम नाय."

"मगे नियम करणाऱ्याक आवशीन कायएक शिकवल्यान नाय!"

"अगो कार्मेलिना," सुभद्रा हसत म्हणाली, "मेले पुठ्ठ्याचे ते!"

"पुठ्ठ्याचे म्हणान काय झाला? म्हातारे ते म्हातारे! आणि तू आशा मा गो? आशा असान म्हाताऱ्यांच्या तोंडातली गोळी काढलंस?"

"तुझ्या मास्तरणीक ताप इलो म्हणान काढलंय!"

"माझी मास्तरीण मरात, पण चोरीचा औषध घेवची नाय! कॉन्व्हेंटात शिकलेली आसा ती!"

मास्तरणीने खरंच घेतलं नाही आणि ती खरंच मेली. मास्तरीण गेल्यावर घर सांभाळायला माणूस उरलं नाही, म्हणून आचारी आणि सुतारही गेले. तिघंही हरली. सुभद्रेने उरलेल्या घावण्यांसकट ताट उचललं आणि ती तरातरा निघून गेली. कार्मेलिनाने त्या म्हातारा-म्हातारीचा पत्ता पदराने पुसला आणि गोठ्यात, मेंढरांच्या मागे, गवतात नीट लपवून ठेवला. तिथे तरी त्यांना कोणी लुटणार नव्हतं.

रात्री झोपून राग उतरतो म्हणतात. कार्मेलिनाचा रात्रभरात मुरला. सकाळी सुभद्रा कपडे वाळत घालताना दिसली आणि ती गडग्याला जाऊन भिडली.

"म्हाताऱ्यांचा औषध चोरतत त्यांणी औंदा नेवऱ्यांची वाट बघू नये!"

"नेवऱ्यो घाल तुझ्या मास्तरणीच्या मढ्यार!"

"चोर ता चोर, आणि वर तोंड करून बोलता!"

नेमका त्याच वेळी बाबली रस्त्यावरून चालला होता. बाबली स्कूटरवर पेटी बांधून मासे विकतो. त्याचा भोंगा वाजला की वाडीतली मांजरंसुद्धा अंग झाडून उठतात. हे भांडण ऐकून तो भोंगा वाजवायचा विसरला. मासे टिकवायला बर्फ लागतो, बातमीला लागत नाही. पहिल्या घरी बांगड्यांबरोबर त्याने सांगितलं, सुभद्रेने एका म्हाताऱ्याचं औषध चोरलं. पुढच्या घरी ती वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची औषधं चोरू लागली. चर्चपर्यंत पोचेस्तोवर ती औषधं खोबऱ्याच्या पोत्यांत भरून रातोरात गोव्याला जात होती.

घरोघरी गोळ्यांचे डबे तांदळाच्या पिंपात गेले. त्यात आग्नेलने भर घातली. आग्नेल म्हणजे वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस, त्याच्या कानाशी सुतळी बॉम्ब फोडला तर "कोण कुजबुजता रे?" असं विचारणारा. त्याने उशीखाली हात घातला, तर बीपीच्या गोळ्यांचं पाकीट नाही!

"गेली!" तो ओरडला. बहिऱ्या माणसाचं ओरडणं. देवबागपर्यंत गेलं असेल. "माझी गोळी गेली!"

दुपारी बाबली कार्मेलिनाच्या दारात आला. "काकी, ऐकलंस मां? तुमची सुभद्रा पक्की चोर निघाली. आग्नेलाच्यो गोळ्यो गेल्यो."

"कोण म्हणता मेल्या?"

"आता काय! तूच नाय सकाळी बोंबलत होतंस?"

कार्मेलिनाने त्याच्या पेटीतला एक बांगडा शेपटीला धरला आणि बाबलीच्या पाठीत असा हाणला की त्याच्या शर्टावर बांगड्याचा छाप उठला, डोळ्यासकट.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! ती पुठ्ठ्याची चोरी रे! पुठ्ठ्याची!"

"पुठ्ठ्याची असो नायतर पत्र्याची," बाबली पाठ चोळत म्हणाला, "चोरी ती चोरी. ह्या पण तूच सांगलंस."

कार्मेलिनाने बांगडा परत उगारला. तेवढ्यात गडग्यापलीकडे पायरीवर तिला सुभद्रा दिसली. खांद्याची पिशवी अजून खांद्यालाच. सकाळपासून वाडीभर फिरली होती, पण एका घराने तिला आत घेतलं नव्हतं. "आमका काय नको" म्हणून सगळ्यांनी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. जिचं बाळंतपण हिने पावसात रिक्षा ढकलत नेऊन केलं, तिनेसुद्धा. सुभद्रा रडत नव्हती. नुसती बसली होती, आणि गडग्याकडे बघत नव्हती.

कार्मेलिनाचा राग जागच्या जागी वळला. कालपासून तो सुभद्रेवर होता. आता अख्ख्या वाडीवर. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि पदर खोचून ओरडली, "माझ्या सुभद्रेक चोर म्हणणारे तुमी कोण रे? तिका चोर म्हणूचो हक्क फकत माझो! लगीन होवन इलंय तेवापासून मी भांडतंय तिच्याशी! तुमी कोण?"

वाडीने ऐकलं, पण पटवून घेतलं नाही. संध्याकाळी तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष सत्यवान आग्नेल, बाबली आणि आणखी माणसं घेऊन कार्मेलिनाच्याच व्हरांड्यात आला. सत्यवान एरवी चांगला मालवणी बोलतो, पण अध्यक्ष झाला की त्याच्या तोंडाला शुद्ध मराठी चढतं.

"सदर चोरीप्रकरणी आपण फिर्यादी आहात," तो कार्मेलिनाला म्हणाला. सुभद्रेलाही बोलावून घेतलं होतं. ती खांबाला टेकून उभी होती. "पीडित वृद्ध दांपत्य कुठे आहे?"

"गोठ्यात."

"गुरांच्या?"

"येशूच्या," असं म्हणून कार्मेलिनाने मेंढरांमागून पत्ता काढला आणि सत्यवानाच्या हातात ठेवला. त्याने पत्ता उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसून परत बघितला. माणसं माना लांब करून वाकली.

"हे तर चित्र आहे."

"मगे दुपारधरना मी काय सांगतंय?"

"पण माझी गोळी चित्रातली नाय!" आग्नेल गरजला.

आणि त्याच क्षणी त्याची बायको मेल्विना धापा टाकत आली. तिच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक, आणि पुस्तकाच्या मधोमध बीपीच्या गोळ्यांचं पाकीट. "मीच खूण म्हणान घातललंय," ती म्हणाली. "खुणेक कागद मेळाक नाय."

माणसं खाली बघू लागली. कोणी गोठ्यातली मेंढरं मोजू लागलं. पण सत्यवानाला सभा अशी अर्ध्यात सोडवेना.

"तरीही मूळ चोरीचा प्रश्न उरतोच," तो म्हणाला आणि आग्नेलच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "शेजारची मास्तरीण तापाने मरत असती, तर तुम्ही तिला गोळी दिली असती का?"

आग्नेलने बराच विचार केला. "नाय!" तो म्हणाला. "माझी गोळी मी कोणाक देवचंय नाय! सरकारी दवाखान्यात जा म्हणा!"

झालं! अर्धी माणसं म्हणाली, मग सुभद्रेने घेतलं तेच बरोबर. अर्धी म्हणाली, नाही दिलं तरी विचारायला पाहिजेच होतं. कालव्यात कोणी कोणाचं ऐकेना. शेवटी सत्यवानाने फर्मान काढलं की सदर घटना साक्षीदारांसमक्ष पुन्हा घडवावी. म्हणजे खेळ परत खेळावा.

एल्रॉयने पट मांडला आणि सत्यवानाच्या हातातला पत्ता परत पत्त्यांत मिसळला. एवढी माणसं जमलीत आणि कामाला सुरुवात करायची तर आधी देवाला गाऱ्हाणं नको? सत्यवानाने टोपी सारखी केली, शुद्ध मराठी बाजूला ठेवलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या पुठ्ठ्याच्या घरात जी तीन माणसां अडाकली आसत, तेंका सुखरूप भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोणी कोणाक उगाच चोर म्हटल्यान असात, तर ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

ह्या वेळी "व्हय म्हाराजा" जरा हळू आलं. बाबलीचं सगळ्यात हळू. मागाहून आग्नेल एकटाच मोठ्याने "आमेन!" म्हणाला.

खेळ सुरू झाला. आता मास्तरीण धडधाकट राहिली आणि सुभद्रेचा दाढीवाला आचारी अंथरुणाला खिळला. औषध नाही. बाहेर जायची पाळी कार्मेलिनाची. एल्रॉयने पत्ता उचलला आणि आईकडे बघितलं. तीच म्हातारा-म्हातारी.

"मम्मी, घेतलंस, की परत येतंस?"

कार्मेलिनाने आधी गोठ्याकडे बघितलं, मग सुभद्रेकडे.

"सोड गो," सुभद्रा हळूच म्हणाली. "पुठ्ठ्याचो तो. मरात तर मरांदे."

"गप ऱ्हव!" कार्मेलिना कडाडली. "मरांदे म्हणता! एल्रॉय, घेतलंय औषध. आणि त्यांची चूल पण घे. आणि ता कांबळा दिसता मां, ता पण."

"चूल कार्डार नाय, मम्मी."

"चित्रात आसा मां? मगे घे!"

सुभद्रेने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, ते तिचं तिला माहीत. "इचारलंस गो त्यांका?"

"इचारलंय तर! खळ्यात उभी ऱ्हवन बोंब मारलंय. दोघांय बहिरी."

"कोण बहिरो?" आग्नेल कोपऱ्यातून ताडकन म्हणाला.

लढाई संपली तेव्हा तिन्ही पुठ्ठ्याची माणसं जिवंत होती. बाबलीने आनंदाने भोंगा वाजवला आणि वाडीतली सगळी मांजरं व्हरांड्यात आली. दुसऱ्या दिवशी सुभद्रा पिशवी घेऊन निघाली तर दारं आधीच सताड उघडी, आणि गडग्यावर झाकलेलं नेवऱ्यांचं ताट. म्हातारा-म्हातारी मात्र परत गोठ्यात गेली. कार्मेलिनाने त्यांच्यापुढे एक नेवरी ठेवली, कांबळ्याची भरपाई म्हणून.

शब्द न् शब्द खरा! आता कोणी देवासमोरच उभं करून विचारलं, तर एवढं एक कबूल करते: सुभद्रेचे घावणे जाळीदार नव्हते. जाड होते, गोणपाटासारखे. एक घावणा पायरीवर टाकला असता तर पुसणं म्हणून वर्षभर टिकला असता. पण त्या बाईची वाडीत एकदा फुकटची बदनामी झाली आहे. आता आणि माझ्या तोंडून कशाला?