मोटरला बांधलेला पट्टा

माझा नवरा हुशार आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त त्या हुशारीने केलेल्या वस्तूंवर नाही!

घरामागच्या शेडमध्ये त्याने एका जुन्या गाडीचं इंजिन उपटलं आणि तिथे विजेची मोटर बसवली. वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाशेजारी नटबोल्ट नांदत होते. गाडी धावली, नाही म्हणत नाही. पण "रविवारी बाळाला घेऊन चक्कर मारू" असं तो म्हणाला आणि माझे कान टवकारले.

"मोटर तापते का रे?"

"छे! साठ अंशांवर जातच नाही. हा बघ काटा."

"काटा कोणी बसवला?"

"मीच!"

घ्या! पेपर लिहिणाराही हाच आणि तपासणाराही हाच!

म्हटलं, शहानिशा आपणच करावी. बाळाच्या दंडाला बांधायचा एक पट्टा आहे आमच्याकडे. अंग जरा तापलं की तो घरच्या सगळ्यांच्या मोबाइलवर बोंब ठोकतो. सकाळी नवरा दात घासत होता तेवढ्यात मी गाडीखाली सरपटले आणि पट्टा मोटरला आवळला. तो एकटाच चढउतारांच्या रस्त्यावर चाचणीला निघाला. मी मोबाइल घेऊन हेरासारखी खिडकीत!

थोड्याच वेळात मोबाइल किंचाळला, 'बाळाला तीव्र ताप! ताबडतोब बाळाजवळ जा!'

"सापडला चोर!" मी टाळी वाजवली.

आतून सासूबाई आपला मोबाइल नाचवत धावत आल्या. "अगं, लेकरू तापाने फणफणलंय आणि तू टाळ्या कसल्या पिटतेस?"

"आई, तो बाळाचा नाही, मोटरचा ताप आहे."

सासूबाईंनी आधी माझ्या कपाळाला हात लावला.

तेवढ्यात माझ्या आईचा फोन. बोंब तिच्याही मोबाइलवर गेली होती. "टोपी काढ! मोजे काढ! मी बर्फ घेऊन निघालेय!" मी तोंड उघडायच्या आत फोन बंद.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोंब घरच्या सगळ्यांना जाते. नवराही घरचाच की हो!

फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. नंतर कळलं, तो इशारा दिसताच त्याने गाडी गर्रकन वळवून घराकडे सोडली होती. त्यात माझा फोन! आता काय ऐकावं लागणार या धास्तीने तो उचलेना, आणखी जोरात पळवत सुटला. तो पळवतोय म्हणून मोटर तापतेय, मोटर तापतेय म्हणून पट्टा बोंबलतोय, पट्टा बोंबलतोय म्हणून तो आणखी पळवतोय! इकडे मी फोनवर फोन करून त्यात तेल ओततेय.

गाडी दारात आली ती धूर ओकतच. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असा नवरा घरात घुसला. बाळ चमच्याने वाटी बडवत बसलं होतं. त्याने त्याला उचललं, गालाला गाल लावला.

"गार आहे!" त्याने दुसराही गाल लावून पाहिला. "अगं, गार आहे हा!"

मी खालमानेने सगळं सांगितलं. त्याने बाळाला आणखी घट्ट धरलं.

तेवढ्यात बर्फाची पिशवी घेऊन आई आत शिरली. "कुठंय ताप?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर बोट केलं. "तिकडे, विहीणबाई. बॉनेट उघडा आणि ठेवा."

"काट्यावर दिसलं नाही का रे, मोटर जळतेय ते?" मी हळूच विचारलं.

"दिसलं की. म्हटलं, गेली तर गेली."

"आणि पहिला इशारा आला तेव्हा?"

"तेव्हा पन्नास होतं. मोटरला पन्नास म्हणजे काहीच नाही गं. पण तुझ्या पट्ट्याला वाटणारच, बाळाचं काही खरं नाही!"

म्हणजे काटा खरा होता! आणि काटाही खरा, माणूसही खरा. वर्षाची मेहनत लेकरापायी जाळून आला, त्याच्यावर कसला संशय घ्यायचा? मी तिथल्या तिथे परवानगी दिली. रविवारी बाळ गाडीत बसणार म्हणजे बसणार!

बसलंही. स्टिअरिंगवर नवरा, मागून ढकलायला दोन्ही आज्या. हँडब्रेकवर मात्र माझा हात होता. उगाच कशाला विषाची परीक्षा!