बबनअण्णांची मूठतपासणी

बबनअण्णा कोणालाही नमस्कार करीत नाहीत. समोरच्याचा हात धरून बोटांच्या मुळाचे सांधे दाबतात आणि विचारतात, "सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?" वडगाव मावळात अशी वदंता आहे, की त्यांनी एकदा तहसीलदारांचा हात असाच दाबला. हे असत्य आहे. त्यांनी दोन्ही हात दाबले. मी तेथे होतो. वदंता पसरविणारे नव्हते.

अण्णांनी हयात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. निवृत्तीनंतर ते माझ्या ओसरीवर बसतात, आणि लोक तेथे नुसते रिपोर्ट पाठवितात. ठळक अक्षरांत छापलेले ते सारे असाध्य, अशी लोकांची ठाम समजूत. त्यावर अण्णांचा ठरलेला उद्गार: "कागदाला सांधे नसतात. माणूस आणा!"

गेल्या पावसाळ्यानंतर लोहगडवाडीच्या ठकूमावशी मात्र स्वतः आल्या. गडाखाली ट्रेकर मंडळींना पिठलं-भाकरी रांधून घालणाऱ्या या बाई. रिपोर्टात 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह'.

"अण्णा, जन्माचा संधिवात हाय म्हनं. चूल जावंच्या हवाली केली म्या."

"कोण म्हणालं? डॉक्टर?"

"न्हाई. जाऊच."

"जाऊ कुठल्या कॉलेजात शिकली?" अण्णा कडाडले. "ताप आला होता?"

"व्हय. चिकनगुनिया. अख्खी वाडी आडवी झालती."

"मग! अशा तापानंतरही रक्तात हा फॅक्टर दिसू शकतो. अँटी-सीसीपी नावाची दुसरी तपासणी आहे, ती तापाला सहसा फसत नाही. ती करा, डॉक्टरांना हात दाखवा, आणि तोवर जावेला निकाल लावू देऊ नका!"

अण्णांनी मावशींना बरे केले, असे लोक आता सांगतात. साफ चूक. अण्णांनी साधी गोळीही दिली नाही. दुसरी तपासणी निगेटिव्ह आली, दुखणे तापाचेच असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, आणि काही महिन्यांत मूठ वळू लागली. चूल मावशींकडे परतली. जाऊ अद्याप बोलत नाही.

मावशींनी अण्णांसाठी पाठविलेली पिठलं-भाकरी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. अण्णांच्या पत्नीला, वहिनींना, मी कित्येक वर्षांनी पाहिले. त्यांच्या दोन्ही हातांची बोटे एका अंगाला वाकली होती. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडविला आणि त्यांच्या तोंडाशी धरला.

"मावशींचा हात सुटला म्हणे," वहिनी म्हणाल्या. "बरं झालं हो."

अण्णा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हिचंही तापाचंच आहे, असं मी दोन वर्षं म्हणत राहिलो. प्रयोगशाळेत मी, आणि हिचं रक्त तपासलं नाही."

उत्तर द्यायला मी तोंड उघडले. पण वहिनी आधी बोलल्या.

"पुढचा घास द्या. गार होतंय."