पाच मिली लाळ

लाळेच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं गुलाबचं ठाम मत होतं. हिंगणघाटच्या लग्नांत बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवणारा माणूस! एका वरातीत वाद्याच्या टोकातून अर्धा पेला लाळ गळते, हे तो अशा थाटात सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा बँड नव्हे, पाणीपुरवठा योजनाच आहे.

तेव्हा दातांच्या दवाखान्यात पाच मिली लाळ द्यायची म्हटल्यावर तो प्रफुल्लला, म्हणजे बँडच्या ढोलवाल्याला, म्हणाला, "पाच काय, पन्नास घ्या म्हणा. बसल्या बसल्या देतो."

पण प्रकरण वाटलं तेवढं साधं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी गुलाबच्या हिरड्या सुजल्या होत्या. ब्रश लावला की रक्त यायचं, आणि वरचे समोरचे दोन दात क्लॅरिनेट टेकली की झोपाळ्यासारखे हलायचे. डॉक्टर मयुरीने तेव्हा त्याची लाळ तपासली. हिरड्या बिघडल्या की लाळेत एक द्रव्य वाढतं, उपचार लागू पडला की ते उतरतं, असं तिने समजावलं. मग हिरड्यांखालचा दगडासारखा थर खरवडून काढला, औषध दिलं आणि त्याचा तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद केला. बायको सुलोचना तर खर्र्याच्या पुडीसाठी त्याच्या बँडच्या टोपीचं अस्तरसुद्धा उसवून पाहायची.

आज दुसरी तपासणी. द्रव्य उतरलं असेल तर दात राहणार, नसेल तर दोन्ही उपटणार. आणि समोरचे दात गेलेला क्लॅरिनेटवाला म्हणजे नुसता लाल कोट घातलेला वऱ्हाडी!

बाकावर सहा पेशंट नळ्या घेऊन ओळीने बसले. तासभर आधीपासून काही खायचं नाही, मान खाली ठेवायची, थुंकायचं नाही, लाळ आपोआप ओघळू द्यायची. गुलाबने मान खाली घातली. दात जातात की राहतात या काळजीने जीभ टाळूला चिकटली. दहा मिनिटांत जमा, दीड थेंब. शेजारचे निवृत्त हेडमास्तर अण्णाजी साडेतीन मिलीवर पोचले होते आणि नळी उजेडात धरून स्वतःवरच खूश होते.

"काऊन बे, आटला काय झरा?" सोबत आलेल्या प्रफुल्लने विचारलं.

"चूप बस. दातायचा जीव टांगून राह्यला इथं."

डॉक्टर आत गेली, तशी प्रफुल्लला बँडवाल्यांची जुनी दुश्मन आठवली. वरातीत खोडकर पोरं वाजवणाऱ्यासमोर कैरी खातात. त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सूर बुडतो. फाटकाबाहेर बसणाऱ्या वच्छलाबाईच्या टोपलीत कैऱ्या होत्याच. प्रफुल्लने तिखट-मीठ लावलेली एक आणली, गुलाबसमोर बसून कचकन तोडली आणि डोळे मिटून लांबलचक "स्स्स" केलं.

गुलाबची नळी भरली. नुसती भरली नाही, वाहिली! पण कैरीला गुलाब काय नि अण्णाजी काय, सगळे सारखेच. अण्णाजींची काठोकाठ झाली, बाकाच्या टोकाला बसलेल्या केळझरच्या मंदाबाईंनी तोंडाला पदर लावला, एकाने दुसरी नळी मागितली. दारावरचा शिपाई भिंतीकडे तोंड करून गिळत राहिला. डॉक्टर मयुरी बाहेर आली, सहा डबडबलेल्या नळ्या पाहिल्या, कैरी पाहिली, आणि रागवण्याआधी तिलाही दोनदा गिळावं लागलं.

हे सगळं फेकायचं, असं तिने जाहीर केलं. ही लाळ म्हणजे पाणी घातलेलं दूध, यात ते द्रव्य कमीच दिसणार.

गुलाबचे डोळे चमकले. "मंग तं बरंच हाय ना, मॅडम. कमी दिसन तं दात राह्यतीन."

"काका, त्याने रिपोर्ट सुधारेल. दात नाही सुधारणार."

हे त्याला पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त भीती वाटली. प्रफुल्लची रवानगी फाटकाबाहेर झाली. चुळा भरून सहाही जण पुन्हा तासभर उपाशी बसले, आणि अण्णाजी गुलाबकडे नापास पोराकडे पाहावं तसे पाहत राहिले. शेवटी गुलाबने दातांचा विचारच सोडला, मनातल्या मनात वरातीची धून धरली, आणि नवरदेव मांडवाच्या दारात पोचेपर्यंत नळी आपसूक पाच मिलीवर आली.

आठवड्याने निकाल लागला. द्रव्य निम्म्याहून खाली उतरलं होतं. दात राहणार! गुलाबने तो कागद डॉक्टरकडून तीनदा वाचून घेतला. सोबत आलेला प्रफुल्ल तोंडभर हसला, आणि तिथेच फसला. डॉक्टर मयुरी वाकून त्याच्या लालभडक हिरड्या पाहू लागली. मग तिने एक रिकामी नळी त्याच्यापुढे धरली.

प्रफुल्लने झटकन तोंड मिटलं.

"मले काऊन, मॅडम? ढोल वाजवाले दात थोडेच लागते."