लिंबोणीचा पंचनामा

सूर्यभानने अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा त्याचा हेतू अगदी किरकोळ होता. शेजारच्या भिमाजीअण्णांच्या बंबाचा धूर जरा दुसरीकडे वळावा, एवढाच. पण सूर्यभान पाटबंधारे खात्यात कारकून होता आणि तोंडी बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता. (पाट फुटला तरी तो आधी जावक क्रमांक शोधायचा.)

झालं होतं असं, की बेलापुरातल्या त्याच्या परसातली लिंबोणी काळी पडली होती. पानावरून बोट फिरवलं की बोटाला काजळी. लिंबोणी भिंतीला लागून, आणि भिंतीपलीकडे अण्णांचा तांब्याचा बंब रोज सकाळी भसाभसा धूर ओकणार. आणखी पुरावा तो काय हवा?

"अवो, भितीवरनं हाक मारून सांगा की अण्णास्नी," मालनबाई म्हणाली. "त्याला अर्ज कशापायी?"

"तुला न्हाई कळायचं. लेखी असलं म्हंजी वजन पडतं."

ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जात त्याने 'सदर बंब कायमचा बंद होणेस विनंती' असं लिहिलं. त्यातला 'कायमचा' त्याने निव्वळ वाक्य भरदार व्हावं म्हणून घातला होता.

अण्णांच्या कानावर हे दुपारपर्यंत गेलं. अण्णा मानी माणूस. त्यांनी बंबातले निखारे विझवले आणि भिंतीकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानने पहिला तांब्या अंगावर घेतला आणि असा काही ओरडला, की मालनबाई पिठाच्या हातांनी धावत आली. पौषातली थंडी होती.

"पानी गार कसं गं?"

"बंब बंद हाय न्हवं."

"आपल्याकडं कुठं बंब हाय?"

"तेच म्हंते मी! अकरा वर्सं तुमच्या अंगुळीचं पानी येतंय कुठनं? अण्णांच्या घरच्या झुंबरकाकू भितीवरनं दोन बादल्या देत्यात. मी त्यास्नी लोनच्याला लिंबं देते."

सूर्यभानला हे आजवर कोणी लेखी कळवलं नव्हतं. चुलीवर पाणी तापव म्हणून त्याने सांगून पाहिलं, तर मालनबाईने त्याचाही अर्ज मागितला.

पण गार पाण्याचं दुःख तसं थोडंच होतं. अण्णांना बारीक अक्षर दिसत नसे. रोज संध्याकाळी ते भिंतीशी येऊन बसत, सूर्यभान पेपर मोठ्याने वाचून दाखवी आणि प्रत्येक बातमीवर अण्णा "ह्यॅः!" म्हणत. मंत्र्याचं भाषण असो की बैलांचं प्रदर्शन, अण्णांचं मत एकच. आता सूर्यभान एकटाच मनातल्या मनात पेपर वाची, आणि पुढे कोणी "ह्यॅः" म्हणत नसल्यामुळे त्याला एकही बातमी संपल्यासारखी वाटेना. त्यात अण्णांना गार पाणी बाधलं. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला, की सूर्यभानला जेवण गोड लागत नसे. आपलं चुकलं हे त्याला पुरतं कळलं होतं, पण आवक क्रमांक पडलेला कागद परत मागायची त्याला लाज वाटत होती.

बाराव्या दिवशी ग्रामसेवक भाऊसाहेब दोन पंच घेऊन पंचनाम्याला आले. भिंतीपलीकडे अण्णा घोंगडी पांघरून मुकाट उभे राहिले.

भाऊसाहेब शेतकीचं शिक्षण घेतलेले. त्यांनी एक फांदी वाकवली, पानावर बोट घासलं आणि मान हलवली.

"धुराची काजळी कोरडी असते. ही चिकट आहे. आणि हे बघा." फांदीवरचा तपकिरी फोड त्यांनी नखाने उचकटला, तर खाली मऊ, पिवळा जीव. "खवले कीड. पाठीवर टरफल घेते, एका जागी बसली की हलत नाही, बसल्या बसल्या रस पिते."

(एका पंचाने उगाचच कारकुनाकडे पाहिलं.)

"प्यायलेला जास्तीचा गोड रस ती पानांवर सोडते आणि त्या चिकट्यावर ही काळी बुरशी धरते. बंबाचा काही संबंध नाही. पण मुंग्या एवढ्या कशा? त्या गोड रसासाठी मुंग्या या किडीला गाईसारखं सांभाळतात. किडीला खाणारे लाल ठिपक्यांचे किडे आले की हुसकून लावतात. या झाडाखाली गोड कोण टाकतं?"

मालनबाई खाली वाकली. बुंध्याशी सकाळचीच मूठभर साखर चमकत होती.

"ते... ज्योतिषी म्हनला हुता," सूर्यभान पुटपुटला. "काळ्या मुंग्यास्नी साखर घातली तर हेडक्लार्क हुईन."

"आगं बाई! सहा म्हैने मी रेशनवाल्याला शिव्या देतेय! पावन्यांस्नी अगोड च्या पाजला!"

भाऊसाहेबांनी गंभीर चेहऱ्याने लिहिलं, 'काजळीचे कारण: अर्जदाराची साखर.'

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "ह्यॅः!"

बारा दिवसांनी तो आवाज ऐकून सूर्यभानच्या छातीवरचा धोंडाच उतरला. पंचांसमोर त्याने भिंतीवरून दोन्ही हात जोडले. "अण्णा, चुकलो."

"उपाय सोपा आहे," भाऊसाहेब म्हणाले. "फार किडलेल्या फांद्या छाटून जाळा. साबण कढत पाण्यात विरघळवा, त्यात थोडं रॉकेल घुसळा, भरपूर पाणी घालून पातळ करा आणि झाड धुऊन काढा. मुंग्या चढू नयेत म्हणून बुंध्याभोवती राख टाका. आठ दिवसांनी पुन्हा. पण एवढं कढत पाणी आणि राख रोज कुणाकडे निघते?"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबाचा धूर लिंबोणीवरून डौलात गेला. न्हाणीत सूर्यभान पंचा नेसून, रिकामी बादली पुढ्यात घेऊन कुडकुडत बसला होता, आणि इतकं सुखाचं कुडकुडणं त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. भिंतीपलीकडून अण्णांचा खणखणीत आवाज आला.

"पयलं पानी लिंबोनीचं! मंग माजं! उरलं तर अर्जदाराचं!"

सूर्यभानने वाट पाहिली. बऱ्याच वेळाने झुंबरकाकूंनी भिंतीवरून डोकावून मालनबाईला सांगितलं,

"उरलं न्हाई गं. त्यास्नी म्हनावं, उद्याच्याला अर्ज करा."