नदीकाठचे बागुल

भिकन बागुल यांनी फ्रेमवरचा कागद फाडला आणि ते स्वतःकडेच बघत राहिले. डोक्यावर उंच काळी टोपी, अंगात लांब कोट, हातात मासे धरायचा गळ. शेजारी झालरीचा झगा घालून, छत्री उघडून लिलाबाई बसलेल्या. मागे फ्रान्समधली कुठलीशी नदी.

"हे आपण कधी केलं हो?" लिलाबाईंनी विचारलं.

चित्र त्यांच्या मुलीने, संघमित्राने पाठवलं होतं. ती पुण्यात कलेचा इतिहास शिकवते. सोबतच्या चिठ्ठीत तिने लिहिलं होतं, 'पप्पा, ही दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच छापील चित्राची मोठी प्रत आहे. तेव्हा तिकडचे दुकानदार आणि कारकून रविवारी साहेबासारखे नटून नदीकाठी जाऊन बसायचे. बडे लोक त्यांना हसायचे, म्हणून अशी थट्टेची चित्रं निघायची. नव्या फ्लॅटच्या बैठकीत लावा.' जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाने हे बैठकीत का लावावं, असा प्रश्न भिकनरावांना पडला होता. पण मुलीचा शब्द मोडायची त्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी चित्र फ्रेमला टाकलं होतं.

आता ते तडक बाजारात प्रेमराज फ्रेमवाल्याकडे गेले.

"प्रेमराज, काय करून ठेवलं हे?"

"का? चेहरे नीट बसले नाहीत? चित्रासोबत पाकिटात तुमचे दोघांचे फोटो होते ना!"

ते फोटो ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अर्जासाठी होते. विसरू नयेत म्हणून लिलाबाईंनी त्याच पिशवीत ठेवले होते. आणि प्रेमराजचं तरी काय चुकलं? त्याच्याकडे रोजचं कामच हे. घरातलं म्हातारं माणूस गेलं, की घरचे त्याचा पासपोर्ट फोटो आणतात आणि सांगतात, कॉम्प्युटरवर कोट घालून द्या. ज्याने हयातीत सदऱ्याचं वरचं बटण लावलं नाही, तो भिंतीवर टाय लावून बसतो.

"अरे, पण आम्ही जिवंत आहोत!"

"म्हणून तर हार नाही लावला," प्रेमराज म्हणाला.

दुसरं करून आणायचं ठरवून ते घरी आले, तर लिलाबाईंनी खिळा ठोकून चित्र टांगलंही होतं. "राहू द्या. चांगलं शे," एवढंच त्या आपल्या खानदेशी बोलीत म्हणाल्या. अडतीस वर्षांच्या संसारात एकही रविवार त्या कुठे जाऊन बसल्या नव्हत्या. आधी भिकनरावांचा ओव्हरटाइम, मग मुलीच्या परीक्षा, मग हा फ्लॅट. त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि म्हणूनच भिकनरावांना ते जास्त लागलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे कापड दुकानदार निर्मलकुमार शेठ वर आले. त्यांच्या फ्रिजवर मुलाने, अर्पितने, आणलेली दुबई आणि सिंगापूर मॅग्नेट होऊन चिकटलेली होती. त्यांनी चित्र न्याहाळलं, कोपऱ्यात छापलेलं 'फ्रान्स' वाचलं.

"काय भाऊ, फ्रान्सला जाऊन आले अन् सांगितलं पण नाही?"

भिकनरावांची जीभ घसरली. "मागच्या उन्हाळ्यात."

"अन् हे कपडे?"

"भाड्याने मिळतात तिथे. काश्मीरला नाही का, फोटोपुरते घालतात!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. शेठच्या पत्नी झमकूबाई वर येऊन, तिकडे शाकाहारी मिळतं का, ते विचारून गेल्या. मंडळाच्या अध्यक्ष कोकिळा मॅडमचा फोन आला. येत्या रविवारी सभेत बागुल दाम्पत्याचं प्रवासकथन!

"खोटं तुम्ही बोलले, निस्तरा पण तुम्हीच," लिलाबाई म्हणाल्या.

रविवारी भिकनराव चाळीस खुर्च्यांसमोर उभे राहिले. दोनदा पाणी प्याले. "फ्रान्स हा देश... चांगला मोठा आहे," असं म्हणून ते थांबले ते थांबलेच. कोकिळा मॅडमनी माईक लिलाबाईंच्या हातात दिला.

"वहिनी, तुम्ही सांगा. तिथे काय काय केलं?"

लिलाबाईंनी पदर सावरला. "काही नाही केलं. बसलो."

सगळे हसले.

"खरंच. सकाळी डबा नाही केला. कुकरच्या शिट्ट्या नाही मोजल्या. मी छत्री धरून बसले, हे शेजारी बसले. ह्यांच्या गळाला एक मासा लागला नाही, तरी चिडले नाहीत. घड्याळ पाहिलं नाही. बठ्ठा दिवस, सकाळपासून सांजपर्यंत, माझ्याजवळ बसले."

हसणं विरलं. बायकांच्या रांगेत कोणी हलेना. भिकनरावांना राहवेना. त्यांनी माईक घेतला.

"खोटं आहे हे. आम्ही पुण्याच्या पुढे गेलो नाही. फ्रान्स राहू द्या, हिला मी कधी तापीवरसुद्धा नेलं नाही."

कोणालाच धक्का बसला नाही. निर्मलशेठ खाकरले.

"भाऊ, प्रेमराज माझ्या दुकानाला लागून आहे. तुमचं चित्र मी तुमच्या आधी पाहिलं. सगळ्यांना सांगितलं पण होतं."

"मग मला इथे उभं कशाला केलं शेठ?"

"हसायला आलो होतो आम्ही," शेठ म्हणाले. त्यांनी मागे पाहिलं. झमकूबाई पदराने डोळे टिपत होत्या. "चाळीस वर्षं रविवारी दुकान उघडं ठेवलं मी. ही पण कुठे बसली नाही."

"मग पुढच्या रविवारी बंद ठेवा," भिकनराव म्हणाले. "एरंडोलजवळ पद्मालयाचं तळं आहे. सगळेच जाऊ."

सभेत एकदम जीव आला. कोकिळा मॅडमनी लगेच यादी करायला घेतली. नावं एका रकान्यात, कामं दुसऱ्यात. पहिलीच ओळ लिहिली गेली : लिलाबाई बागुल, चाळीस जणांचं भरीत.

भिकनरावांनी मॅडमच्या हातून पेन घेतलं, लिलाबाईंचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.

"तुम्हाला येतं भरीत?" मॅडमनी विचारलं.

"नाही. शनिवारपर्यंत शिकतो."

निर्मलशेठनी क्षणभर विचार केला आणि खाली लिहिलं : निर्मलकुमार, पुऱ्या. यादी हसतखिदळत सभाभर फिरली. शेवटी ती लिलाबाईंकडे आली. त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात आपलं आणि झमकूबाईंचं नाव लिहिलं. कामाच्या रकान्यात लिहिलं, 'बसणार.'