साळवे काकांची परात

आमच्या भागात बोअरची गाडी आली की लोक पाणी लागतंय का ते बघायला धावतात. शेजारचे साळवे काका उलटे घरात धावतात, फरशीवर पाण्यानं भरलेली परात ठेवतात आणि तिच्याकडं टक लावून बसतात. "बघा ताई, केवढे तरंग. जमिनीचा भरवसाच नाय."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हयात काढलेला माणूस. इथं दुष्काळात टँकर आठवड्यानं येतो, नंबर लावायचं झेंगट माझ्या गळ्यात, आणि हे रांगेत मला कृष्णविवरं सांगणार. दोन अवाढव्य कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की म्हणे अवकाशच हेलावतं, पण लई सावकाश. जमिनीच्या थरथरीत ते कळायचं नाय. म्हणून तीन यानं वर सोडायची, एकमेकांपासून लाखो किलोमीटरवर, आणि मधे लेझर खेळवून अंतर कणभर बदललं का ते मोजायचं. ती सुटेपर्यंत आपण टिकतो का, याची त्यांना रोजची धास्ती. मला धास्ती उद्याच्या पाण्याची.

गल्लीत नव्या इमारती उठतायत, रोज कुठं ना कुठं बोअर चालूच. गेल्या रविवारी आमचा होता. तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा, गाडी सहाला देवगाव रंगारीला निघणार, आणि पाचला दहा कमी असताना काका गाडीपुढं उभे. म्हणे अर्धा तास बंद ठेवा. लोक खवळले. माझंही डोकं फिरलं. दंडाला धरून त्यांना घरात नेलं, आता ती परातच फेकून देते म्हटलं.

टेबलावर वही उघडी होती. दर रविवारचा एक प्रश्न, आणि खाली त्यांच्याच अक्षरात उत्तर. उत्तरं येतात तर विचारता कुणाला, म्हटलं.

काकांचा डोळा घड्याळावर होता. मुलगी उज्ज्वला जर्मनीत त्याच तीन यानांच्या कामावर आहे हे मला माहीत होतं. ती रविवारी पाचला फोन करते, हे नव्हतं.

"जेवलात का, गोळी घेतली का, झालं. दोन मिनिटांत फोन संपतो, ताई. प्रश्न विचारला की अर्धा तास बोलती. गाडीच्या आवाजात ऐकू नाय आलं तर ठेवून देईल." मग हळूच म्हणाले, "अन् आता तर प्रश्नच संपले."

एवढ्या लांबून एका यानाचं हलणं दुसऱ्याला कळतं कसं, ते विचारा म्हटलं. ते तर पहिल्याच रविवारी विचारलंय, म्हणाले. मग परत विचारा म्हटलं.

बाहेर येऊन गाडीवाल्यांना चहाला बोलावलं. लोक माझ्यावर ओरडत होते, बोअर अर्धा राहिला तर उद्या मलाच शिव्या. तरी आलं किसून चहा मुद्दाम मंद आचेवर ठेवला. गाडी बंद झाली तसा भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला.

"नाय बाळा, त्या वेळेला डोक्यात शिरलंच नव्हतं. सावकाश सांग, मी लिहून घेतो."